प्रभागात उतरण्याआधी

आरे, मिठी, कांदळवनं, देवनारचं डम्पिंग या प्रश्नांवर वर्षानुवर्षं झटणारे आपण आता मुंबईपुरता पर्यावरणवादी पक्ष काढून महापालिका लढवायची म्हणतो आहोत. माझा मनापासून पाठिंबा आहे, म्हणूनच ही तयारी लिहून काढली.

सगळ्यात आधी किती जागा लढवायच्या ते ठरवा आणि आकडा लहान ठेवा. मुंबईत 227 प्रभाग आणि प्रत्येकातून एकच नगरसेवक. ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो सभागृहात गेला, बाकीच्यांच्या मतांचा हिशोब तिथेच मिटला. शहरभर विखुरलेली पाच-सात टक्के मतं इथे एकही जागा देत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया राज्यात काय झालं ते या संदर्भात बघण्यासारखं आहे. पेडर सरोवर जलविद्युत प्रकल्पात बुडणार म्हणून 1972 मध्ये तिथल्या राजधानीत, होबार्टला, युनायटेड टास्मानिया ग्रुप स्थापन झाला. जगातला पहिला हरित पक्ष म्हणून त्याचं नाव घेतात. पहिल्या निवडणुकीत जागा मिळाली नाही आणि सरोवरही बुडालं. पण तिथे एका मतदारसंघातून सात जण निवडून जायचे, त्यामुळे साधारण साडेबारा टक्के मतांना एक जागा पडायची. त्याच बळावर 1989 मध्ये 35 पैकी 5 हरित आमदार आले आणि सरकार कोणाचं ते त्यांच्या पाठिंब्यावर ठरलं. 1998 मध्ये सभागृह 25 जागांचं केलं, मतदारसंघात पाचच जागा उरल्या आणि हरितांच्या चार जागांची एक झाली. आपला नियम त्याहूनही कडक आहे. म्हणून चार-पाच प्रभागच घ्या, पण जिथे प्रश्न लोकांच्या दाराशी आलेला आहे असे घ्या.

प्रभाग निवडताना के-पूर्व, टी, एल हे प्रशासकीय वॉर्ड आणि निवडणुकीचे प्रभाग यांत गल्लत नको. प्रभागाचा नकाशा घेऊन हद्द पायी फिरा. नाला एका बाजूला आणि त्याचं पाणी ज्यांच्या घरात शिरतं ती वस्ती दुसऱ्या प्रभागात, असं होऊ शकतं. 2011 च्या जनगणनेच्या हिशोबाने एका प्रभागात सरासरी 55 हजार लोक येतात. मतदार यादी भागवार फोडा, प्रत्येक भागाला एक माणूस नेमा, चाळ कमिट्या, सोसायट्यांचे सेक्रेटरी, कोळीवाडे, पाडे यांची नोंद त्याच्याकडे द्या. 2017 मध्ये प्रभाग 220 मध्ये दोन उमेदवारांना सारखी मतं पडली आणि चिठ्ठी काढून निकाल लावावा लागला. एक घर राहून गेलं तर काय होतं, हे कार्यकर्त्यांना सांगायला हे उदाहरण पुरेसं आहे.

प्रत्येक प्रभागात एकाऐवजी दोन-तीन नावं तयार ठेवा. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात आणि कुठला प्रभाग राखीव ते सोडतीत कळतं. माझं मत विचाराल तर पहिलं नाव बाईचंच असू द्या. पाणी आणि कचऱ्याची लढाई वस्तीत त्याच लढत आल्या आहेत. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र आत्ताच मिळवायला लागा.

पक्षनोंदणीला वेळ जातो. राज्य निवडणूक आयोगाकडची नोंदणी, चिन्ह, उमेदवार पक्षाचाच आहे असं लिहून देणाऱ्या एबी फॉर्मवर सही कोण करणार, हे आधी मार्गी लावा. तारखेची वाट बघू नका. 2022 च्या मार्चमध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढे कितीतरी काळ प्रशासकच कारभार बघत होता.

आता जाहीरनामा, आणि इथे मला हात जोडून सांगायचं आहे की, नगरसेवकाच्या हातात नसलेलं वचन देऊ नका. मेट्रोची कारशेड किंवा किनाऱ्याचे नियम सभागृहात ठरत नाहीत. पण वृक्ष प्राधिकरण पालिकेचं आहे; आयुक्त त्याचे अध्यक्ष, नगरसेवक सदस्य. कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायची 2019 मधली परवानगी याच प्राधिकरणातून गेली आणि मग ऑक्टोबरच्या त्या रात्री करवती चालल्या. त्या टेबलाशी आपलं एक माणूस असणं, एवढ्यासाठीसुद्धा ही निवडणूक लढवावी. नालेसफाईची बिलं, ओल्या कचऱ्याची वस्तीतच विल्हेवाट, झाडांच्या बुंध्याभोवतीचं काँक्रीट काढणं, प्रभाग समितीत दर महिन्याला प्रश्न, हे सगळं नगरसेवकाला करता येतं. पालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74 हजार कोटींच्या वर होतं. त्यातलं आपल्या प्रभागातल्या नाल्यांवर किती, ते माहितीच्या अधिकारात काढून घरोघरी सांगा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाचं पाणी ज्यांच्या गळ्यापर्यंत आलं होतं त्यांना हा मुद्दा समजावावा लागत नाही.

पैशाचं थोडक्यात: वेगळं बँक खातं, रोजचा हिशोब, आणि तो बघायला प्रचारातून मोकळा ठेवलेला एक चोख माणूस. बिल्डरची देणगी, रक्कम कितीही असो, परत.

मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्रावर आपला प्रतिनिधी हवा, दुपारी त्याला सोडवायला दुसरा हवा. मोजणीला पाठवायची माणसं शांत डोक्याची निवडा. जिंकलो किंवा हरलो तरी केंद्रनिहाय मतांचा तक्ता घेतल्याशिवाय त्यांनी बाहेर पडायचं नाही, आणि खर्चाचा हिशोब 30 दिवसांच्या आत आयोगाला द्यायचा.