पावसाळी डोंगरवाटेसाठी पँट आणि कपड्यांचे थर : माझा अनुभव

मलप्रभा नदीचे उगमस्थान असलेले बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील कणकुंबी आणि पलीकडचा चोर्ला घाट या पट्ट्यात मी दर पावसाळ्यात बेडूक आणि पक्षी पाहण्यासाठी डोंगर चढतो. पहिली दोन वर्षे मी जीन्स घालून जात असे. सुती कापड पाणी धरून ठेवते; त्यामुळे तासाभरात जीन्स जड होऊन गुडघ्यांना चिकटे, मांड्या सोलवटत आणि थांबल्याबरोबर हुडहुडी भरे.

मग मी जाड रबरी रेनकोट आणि पँट आणली, पण चढणीवर घामाला वाट मिळेना आणि आतला बनियन अक्षरशः पिळावा लागला. चालताना पूर्ण कोरडे राहण्याचा हट्ट मी तेव्हाच सोडला.

आता मी पातळ, गुडघ्याशी सैल अशी नायलॉनची पँट घालतो आणि तिचे पाय घट्ट विणीच्या जळूमोज्यांत खोचून वर नाडी आवळतो, कारण जळवा शिवणीच्या फटीतूनही आत शिरतात. अंगालगत पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा शर्ट असतो. त्यावरच्या जलरोधक जॅकेटच्या काखेतल्या चेन मी चढताना उघड्या ठेवतो. लोकरीचा स्वेटर मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जपतो आणि विसाव्यालाच बाहेर काढतो. लोकर ओलसर झाली तरी ऊब देते, आणि आपल्याकडचे धनगर पावसात घोंगडी पांघरतात ते याच गुणामुळे. परतल्यावर पँट उलटी करून चुलीपासून हातभर अंतरावर टांगली की सकाळी पुन्हा घालण्याजोगी होते.