ऑफिसच्या मागच्या दाराला कीपॅड लावताय? मग हे बघून घ्या

कीपॅड फक्त बाहेरून. आतून बाहेर पडायला कोड लागताच कामा नये, धूर भरल्यावर कोणाला चार आकडे आठवणारेत? सगळ्यात बेस्ट म्हणजे आतून पॅनिक बार, ती आडवी दांडी ढकलली की दार उघडतं, लाईट असो नसो.

पण बजेटमुळे बरेच जण मॅग्नेट लॉकच घेतात, म्हणजे विजेच्या चुंबकाने दार धरून ठेवणारा लॉक. तो सहसा १२ व्होल्टवर चालतो आणि करंट असेपर्यंतच धरतो, म्हणजे लाईट गेली की दार मोकळं, आगीत बरंय पण रात्री चोराचीही सोय, म्हणून बॅटरी बॅकअप हवाच. आत एक्झिट बटण तर लावाच, शिवाय हिरवा ब्रेक ग्लासही (आणीबाणीत दाबून दार सोडवायची डबी), आणि त्याने लॉकची सप्लाय डायरेक्ट तुटली पाहिजे, कंट्रोलरमधून (कोड तपासून लॉक चालवणारा बोर्ड) फिरून नाही, वायरमन इथेच शॉर्टकट मारतात. फायर अलार्मची रिलेही (अलार्म वाजला की सप्लाय तोडणारा स्विच) त्याच लाइनीत घ्या.

फॅक्टरीचा मास्टर कोड (ज्याने बाकीचे कोड सेट होतात) लगेच बदला, १२३४ ठेवू नका प्लीज. रोजची बटणं घासून चकचकीत होतात, आकडे दिसतातच, त्यामुळे कोड अधूनमधून बदलत राहा, कोणी नोकरी सोडली तर त्याच दिवशी.

पेमेंट करण्याआधी मेन पाडून बॅटरीवर दार धरतंय का बघा, मग ब्रेक ग्लास दाबून लगेच सुटतंय का तेही.