बीटलचं हेड बसवताना तांब्याची रिंग घालावी का?

फोक्सवॅगन बीटलचं हवेने थंड होणारं १६०० सीसीचं इंजिन खोललं की हेड (सिलिंडरचं झाकण) आणि बॅरल (सिलिंडरची नळी) यांच्या मध्ये गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारी चकती, सापडत नाही. पाण्याने थंड होणाऱ्या गाड्यांवर हात बसलेला मेस्त लगेच म्हणतो, आधीचा माणूस घालायला विसरला. तो विसरलेला नसतो. गॅस्केटवाल्या इंजिनात ते एकाच वेळी पेटलेला वायू, पाणी आणि तेल अडवतं. इथे पाणी नाहीच. तेल पोकळ पुशरॉडमधून (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांमधून) वर चढतं आणि पुशरॉड ट्यूबमधून खाली येतं, या सांध्याशी त्याचा संबंध नाही. उरला वायू. तो अडवायला बिडाचा बॅरल अॅल्युमिनियमच्या हेडमधल्या गोल खाचेत थेट टेकतो.

मध्ये तांब्याची रिंग घातली की एका सांध्याचे दोन होतात. तांबं तापून मऊ पडतं, चपटं होतं आणि हेड आवळून धरणाऱ्या स्टडचा ताण तेवढा उतरतो. मग अनमोडचा घाट चढताना एका बाजूने वायू फुंकायला लागतो आणि नखाला लागेल असा चर हेडमध्ये कोरतो. सिलिकॉन किंवा शेलॅक तर या जागी टिकतच नाही.

म्हणून रिंगचे पैसे लेथवाल्याला द्या. खाच खराब असेल तर कमीत कमी कापायला सांगा, पण एका हेडच्या दोन्ही खाचा एकाच खोलीला. एक खोल राहिली तर तिथला बॅरल सैल बसतो, नट कितीही कसा. बॅरलचा वरचा काठच आधी टेकला पाहिजे, बाहेरची पायरी नव्हे. काठाला खुणेची निळी लावून कुठे टेकतं ते बघा. मग बारीक व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून बॅरल हाताने डावी-उजवीकडे फिरवत घासा. खाचेत न तुटलेली, सारख्या रुंदीची राखाडी कडी दिसली की थांबा. रॉकेलने पेस्टचा कण न कण धुवा आणि बॅरलवर नंबर टाका, कारण तो आता त्याच खाचेचा.

रिंग घालण्याचं खरं कारण बहुतेक वेळा कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) असतं: हेड कापलं, चेंबर लहान झालं, आता कमी कसं करायचं? ते बॅरलच्या वर नाही, खाली करायचं, क्रँककेसकडच्या बाजूला शिम (पातळ कडी) घालून. ८५.५ मिमी बोअर आणि ६९ मिमी स्ट्रोकला एका सिलिंडरचे ३९६ सीसी होतात. पिस्टन वर आणून, बॅरल पाइपाचे तुकडे व नटांनी दाबून, पिस्टनपिनच्या रेषेत दोन ठिकाणी डेप्थ गेजने बॅरलच्या काठापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजा. चेंबर ४८ सीसी आणि हे अंतर १ मिमी असेल तर प्रमाण साधारण ८.४ येतं, अर्ध्या मिमीचा शिम घातला की ८.० वर उतरतं. शिम चारही बॅरलना सारखेच. जाड शिम घातला तर पुशरॉडची लांबी पुन्हा तपासा.

पुशरॉड ट्यूब हेड चढवण्याआधी ताणून १९० ते १९१ मिमी करा आणि जोड वरच्या बाजूला ठेवा. स्टडच्या आट्यांना व वॉशरला तेलाचा थेंब लावा. नट पहिल्या फेरीत १० न्यूटन मीटर, मग मधून बाहेर तिरपे कसत शेवटी १० मिमी स्टडला ३२, ८ मिमीला २५. टॉर्क रेंचशिवाय हे करू नका. मनगटाच्या अंदाजाने मॅग्नेशियमच्या केसमधले आटे निघतात. टॅपेटची फट थंड इंजिनवर ०.१५ मिमी.

आपल्या खाऱ्या हवेत उघडे बॅरल आठवड्यात तांबूस होतात. पंखांवर उष्णतेचा काळा रंग पातळ मारा, कारण जाड थर उष्णता कोंडतो. टेकणाऱ्या काठावर मात्र रंगाचा शिंतोडाही नको. पाचशे किलोमीटरनंतर हेडलगतच्या पंखांत टॉर्च मारून बघा: कोरडी काजळी दिसली तर वायू सुटतोय, आणि नट आणखी कसून तो थांबणार नाही. हेड उतरवून ती राखाडी कडी कुठे तुटली आहे ते शोधावं लागेल.