सीपीयू तापतोय? आधी खोलीचं तापमान वजा करा

मे महिन्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून "कूलर नीट चालत नाहीये, जरा येऊन बघ" असा फोन आला की मी आधी विचारतो, "खिडकीतला की कंप्यूटरमधला?" ग्वाल्हेरात दोन्ही एकाच आठवड्यात रुसतात, आणि एक बिघडला की दुसऱ्यावर भार येतो. हा लेख कंप्यूटरमधल्या कूलरबद्दल, म्हणजे प्रोसेसरची (सीपीयूची, चिपची) उष्णता काढणाऱ्या कूलरबद्दल आहे, तोही प्रोसेसरच्या खोक्यात फुकट मिळतो त्या छोट्या, गोल पंख्याच्या कूलरबद्दल.

मागच्या उन्हाळ्यात जीवाजीगंजातल्या एका काकूंच्या मुलाने बोलावलं. इंटेलचा आय-५ १२४००, कंपनीचाच कूलर. दुपारी काही जड काम सुरू केलं की पंखा किंचाळायचा, मशीन रखडायचं, कधी चक्क बंद पडायचं. पठ्ठ्याने थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप, दोनदा बदलली होती. "काका, आता तिसरी कोणती आणू?" मी म्हटलं, पेस्ट राहू दे, आधी थर्मामीटर आण.

कारण तापमानाचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. हवेवर चालणारा कुठलाही कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या वर किती अंश ठेवायचं एवढंच त्याच्या हातात असतं. जानेवारीत खोली १५ अंश आणि पूर्ण भारावर चिप ६३, म्हणजे फरक ४८. तोच फरक मेमध्ये ४० अंशांच्या खोलीत आला तर स्क्रीनवर ८८ दिसतं. बिघाड काहीच नाही, फक्त ऋतू बदलला. म्हणून वहीत दोन आकडे लिहायचे, चिपचा आणि खोलीचा, आणि वजाबाकी करायची. ६५ वॅटच्या चिपवर कंपनीचा कूलर असेल तर ४५ ते ५५ चा फरक मी चालवून घेतो. ६० च्या वर गेला की पेचकस काढतो.

विंडोजचा टास्क मॅनेजर प्रोसेसरचं तापमान दाखवत नाही, त्यामुळे एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प हा प्रोग्राम घ्या. सोबत सिनेबेंच हा चिपवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम दहा मिनिटं चालवा आणि आकडा कसा चढतो ते बघत बसा. निम्मं निदान इथेच होतं. बटण दाबल्यावर चार-पाच सेकंदांत आकडा थेट मर्यादेला भिडला, तर कूलर चिपला नीट टेकलेलाच नाही. हळूहळू, दहा मिनिटांत चढला, तर धूळ किंवा कोंडलेली हवा. आकडा ठीक असतानाच मशीन बंद पडत असेल तर सीपीयूचा नाद सोडा आणि पॉवर सप्लायकडे वळा.

मर्यादा म्हणजे किती? इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप चिपना १०० अंश, एएमडीच्या रायझन ५ ५६०० ला ९०, ७६०० ला ९५. तिथे पोचल्यावर चिप स्वतःच वेग कमी करते. म्हणून 'जळेल का' या भीतीपेक्षा 'पैसे मोजलेला वेग मिळतोय का' हा प्रश्न जास्त खरा. त्याउपरही ताप वाढला तर ती वीजच तोडते.

आता कामाला लागू. क्रम पाळा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

पहिलं, कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उघडून तीच चाचणी पुन्हा घ्या. आकडा ८-१० अंशांनी उतरला तर कूलर निर्दोष आहे, कॅबिनेट गुदमरतंय. पुढून हवा आत, मागून बाहेर, एवढा मार्ग मोकळा हवा. टेबलाच्या बंद कप्प्यात सरकवलेलं कॅबिनेट बाहेर काढलं तरी अर्धी तक्रार मिटते.

दुसरं, पंखा. तो फिरतोय, आणि भार आल्यावर वेग वाढतोय ना? त्याची वायर मदरबोर्डवर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच हवी. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) पंखा 'सायलेंट'वर असेल तर उन्हाळ्यापुरता 'स्टँडर्ड' करा. आवाज वाढेल, पण मेमध्ये शांतता तशीही कुणाच्या नशिबात नसते.

तिसरं, धूळ. वरून पंखा स्वच्छ दिसतो आणि लोक फसतात. खरा नमदा पंख्याच्या खाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या तोंडावर बसलेला असतो. इथल्या आंधीनंतर महिनाभरात तो तयार होतो, आणि कंप्यूटर खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतात असेल तर ओलाव्याने त्याचा चक्क लेप होतो. मशीन बंद करून, वायर काढून, रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश आणि ब्लोअर वापरा. फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. भरधाव फिरला तर बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्यूम क्लिनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

चौथं, कूलरची पकड. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. इंटेलच्या कूलरला प्लॅस्टिकच्या चार पिना असतात. काढताना पिनेचं डोकं त्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढायचं. बसवताना आधी डोकं उलटं फिरवून मूळ जागी आणायचं, हे विसरलं तर पिन दाबली जाते पण अडकत नाही. मग कर्णरेषेतल्या दोन पिना एकदम दाबा, 'टक्' ऐकू आलं की उरलेल्या दोन. बोर्ड वाकतो, घाबरून अर्धवट सोडू नका. शेवटी बोर्डाच्या मागून बघा: चारही काळी टोकं पांढऱ्या पाकळ्यांमधून पूर्ण बाहेर आलेली हवीत.

एएमडीच्या रेथ स्टेल्थ या कूलरला स्प्रिंगचे चार स्क्रू असतात. समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. एएम४ (५६०० सारख्या रायझनचं सॉकेट, म्हणजे चिप बसवायची जागा) असलेल्या बोर्डावर चारही स्क्रू सुटले की मागची पट्टी गळून पडते, एक हात तिला लावून ठेवा. आणि एएम४ चा कूलर थंड असताना सरळ वर ओढू नका. मी ओढलाय. वाळलेल्या पेस्टसकट प्रोसेसर सॉकेटमधून उपटून आला आणि त्याच्या पिना वाकल्या. पातळ ब्लेडने एकेक सरळ करण्यात रविवार गेला. आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग बंद करा, वायर काढा आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा.

पाचवं, पेस्ट. कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट बाद, ती पुन्हा दाबून चालत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणाऱ्या कापडाने दोन्ही पृष्ठभाग पुसा आणि मधोमध वाटाण्याच्या दाण्याएवढा ठिपका द्या. दाबाने तो आपोआप पसरतो. जास्त पेस्टने जास्त थंडावा मिळत नाही, ती पराठ्यावरच्या लोण्यासारखी कडेने बाहेर येते, बस्स. टूथपेस्टचा प्रयोग मला सांगू नका. दोन दिवस चालतो, मग वाळतो.

इथवर सगळं ठीक असूनही फरक मोठाच येत असेल तर सहावं ठिकाण म्हणजे बायोस. १२४०० च्या खोक्यावर ६५ वॅट असतं, पण टर्बोमध्ये, म्हणजे वेग वाढवून पळताना, त्याला ११७ पर्यंत मुभा आहे, आणि बरेच मदरबोर्ड मर्यादा त्याहूनही सैल ठेवतात. 'लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट' ६५ करा. रायझनला हीच सोय 'इको मोड' नावाने बऱ्याच बोर्डांवर मिळते. बायोसची भीती वाटत असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करा. टर्बो बंद होतो आणि पारा झटकन उतरतो. वेग थोडा जातो, पण दुपारी दोनला मला तो सौदा पटतो.

खिडकीतला कूलर या कामात मित्रच आहे, फक्त त्याचा झोत कॅबिनेटवर नको. कोरड्या मेमध्ये तो खोलीचं तापमान बरंच खाली आणतो, आणि खोली जितकी उतरेल तितकीच चिपही उतरते. पाऊस सुरू झाला की हवा दमट होते, मग त्याच्यावर विसंबू नका.

जीवाजीगंजातल्या मशीनमध्ये आकडा तिसऱ्या सेकंदालाच १०० ला भिडला होता. बोर्ड बाहेर काढून मागून पाहिलं तर तीन टोकं बाहेर आणि चौथं आतच. दोनदा पेस्ट बदलताना तीच पिन दोनदा अर्धवट राहिली होती. ती बसवली, तिसरी पेस्ट लावली, दहा मिनिटं सिनेबेंच चालवलं. खोली ३८, चिप ८६. मुलगा म्हणाला, "अजून ८६ आहे की!" मी वही त्याच्यापुढे सरकवली आणि वजाबाकी करायला सांगितली.