थंडीत फोन ४० टक्क्यांवर फटकन बंद पडायचा, असा सुटला प्रश्न
मी जळगावचा, सध्या म्युनिकला शिकतोय. आपल्याकडं मे महिन्यात फोन तापून बंद पडतो हे माहीत होतं पण इथं जानेवारीत उलटंच, मारियनप्लात्झला (इथला मुख्य चौक) ११ वाजता ते घड्याळातल्या बाहुल्या नाचतात ना, त्याचा व्हिडिओ आईसाठी काढत होतो आणि ४० टक्के दाखवत असताना फोन बंद. रूमवर आलो की परत ३५ टक्के! केबल बदलली, ॲप उडवले, फॅक्टरी रिसेट मारला, फोटो गेले ते वेगळेच. डोकं फिरलं नुसतं.

बॅटरी चांगलीच होती, थंडीत लिथियम बॅटरीचा आतला रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) वाढतो, व्होल्टेज पडतं, म्हणून चार्ज असूनही फोन बंद पडतो.

आता बंद पडला की आधी जॅकेटच्या आतल्या, अंगाला लागून असलेल्या खिशात टाकतो, २० मिनिटं हात लावत नाही. गार फोन चार्जिंगला लावायचा नाही, शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज केला तर बॅटरी कायमची खराब होऊ शकते. अंगाच्या उबेनं नॉर्मल झाला की मगच चालू करायचा, मग पॉवर बँक, आणि तीपण आतल्याच खिशात. फोटो काढला की लगेच आत. हिटरवर ठेवू नका, मी ठेवणार होतो.