लाल पाणी आणि शिसे : विहीर-बोअरच्या नळयोजनांमध्ये या चुका टाळा

कोकणात जांभ्या दगडातून येणारे भूजल बहुधा मऊ असते, त्याची क्षारता (आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता) कमी असते आणि सामू (पीएच; ७ च्या खाली पाणी आम्लधर्मी) अनेकदा ६.५ च्या खाली असतो. असे पाणी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचे लोखंड खाते, तसेच पितळी तोट्या, मीटर आणि जुन्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) पाइपांमधले शिसेही विरघळवते. लोह रंगामुळे लगेच दिसते. शिशाला रंग, चव किंवा वास नसतो. तरीही पाण्याचा रंग गेला की काम संपले असे मानले जाते, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप याच समजुतीला आहे.

एका लहान शहराची योजना मी जवळून पाहिली आहे. उन्हाळ्यात तेथे नवी बोअर जुन्या वितरण वाहिनीला जोडली गेली, पण सामू कोणी मोजला नाही. बाजारपेठेत तांबूस पाणी येऊ लागल्यावर आधी टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) मात्रा वाढवण्यात आली; त्यामुळे विरघळलेल्या लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन पाणी अधिकच लाल झाले. मग एका विक्रेत्याच्या सल्ल्याने सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट सुरू झाले, पाणी नितळ दिसू लागले आणि तक्रारी थांबल्या. मात्र हे पॉलिफॉस्फेट लोहाप्रमाणेच शिशालाही पाण्यात धरून ठेवते. पुढे सकाळच्या पहिल्या धारेचे नमुने तपासले, तेव्हा काही घरांत शिसे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम या भारतीय मानकाच्या वर निघाले. लहान मुलांच्या मेंदूला अपाय करणारा धातू नितळ पाण्यातून घरोघरी जात होता, हे मला आजही अस्वस्थ करते.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी उद्भवाचा (विहीर किंवा बोअरच्या पाण्याचा) सामू आणि क्षारता मोजावी, पाणी पायऱ्यांवरून पाडून त्यातला कार्बन डायऑक्साइड घालवावा, हवेमुळे कणरूपात सुटे झालेले लोह गाळून काढावे आणि मग चुनखडीच्या थरातून पाणी नेऊन सामू साडेसातच्या पुढे न्यावा. एवढे करूनही शिसे आढळले, तरच ऑर्थोफॉस्फेटचा (पाइपच्या आत थर बसवून शिसे अडवणाऱ्या वेगळ्या फॉस्फेटचा) विचार करावा. त्याचा संरक्षक थर बसायला काही महिने लागतात. पहिल्या महिन्यातच "फरक पडत नाही" म्हणून मात्रा बंद करणाऱ्या उतावळ्या नवशिक्यांनी या कामात पडू नये.

दुसरी चूक नमुना घेण्याची. नळ पाच मिनिटे सोडून मग बाटली भरणे जिवाणू तपासणीसाठी योग्य आहे, पण शिशासाठी तोच नमुना खोटा दिलासा देतो. अमेरिकेच्या १९९१ च्या नियमानुसार पाणी किमान ६ तास नळात थांबल्यानंतरचे पहिले लिटर घेतले जाते, आणि मी तीच पद्धत पाळतो. फील्ड टेस्ट किटमध्ये लोह कळते, शिसे कळत नाही; त्यासाठी प्रयोगशाळाच गाठावी लागते.

पाणी उकळून शिसे जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते. वाहिनी धुताना उद्भवाकडून टोकाकडे जावे आणि वॉशआउट व्हॉल्व्ह (गाळ बाहेर सोडणारी झडप) पूर्ण उघडावा, कारण अर्धवट उघडल्यास गाळ फक्त ढवळला जातो. आटे असलेल्या सांध्यांना सफेदा (शिसेयुक्त पांढरा लेप) आणि ताग लावण्याची जुनी सवय आता सोडावी आणि टेफ्लॉन टेप वापरावी. नवा उद्भव जोडायचा असेल, तर जोडणीच्या आदेशासोबत त्याच्या सामू-क्षारतेचा अहवाल असल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू देऊ नये.