त्वचेतील सूक्ष्म रक्ताभिसरण सुई न टोचता कसे तपासावे

मधुमेही रुग्णाचा पाय तपासताना घोट्यामागची आणि पावलावरची नाडी लागली की बहुधा समाधान मानले जाते. ही नाडी मोठ्या धमनीची असते. त्वचेला प्रत्यक्ष प्राणवायू पुरवणाऱ्या केशवाहिन्यांत रक्त नीट खेळते आहे की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी वेगळ्या तपासण्या आहेत. त्यांपैकी एक-दोन दवाखान्यातील परिचारिका किंवा आरोग्यसेविकाही करू शकते, मात्र पूर्वतयारी काटेकोर हवी.

सोलापुरात या तयारीला विशेष महत्त्व आहे. थंडीत त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णतेने त्या फुलतात. त्यामुळे मे महिन्यात चाळीस अंशांवरच्या उन्हातून चालत आलेल्या माणसाचे बोट आणि संक्रांतीच्या सुमारास पहाटेच्या गारव्यात आलेल्या त्याच माणसाचे बोट अगदी वेगळी उत्तरे देते. रुग्णाला किमान १५ ते २० मिनिटे २२ ते २४ अंश तापमानाच्या खोलीत शांत बसवावे किंवा झोपवावे, आणि पंख्याचा वा कूलरचा झोत थेट हातापायांवर येऊ देऊ नये. आधीचे काही तास चहा, कॉफी, बिडी, सिगारेट आणि तंबाखू टाळण्यास सांगावे, कारण निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते. तंबाखू न खाणाऱ्या स्त्रीलाही ती बिड्या वळते का, हे आपल्या शहरात आवर्जून विचारावे, कारण ओल्या तंबाखूतील निकोटीन हातांच्या त्वचेतूनही शरीरात शिरते.

सर्वांत सोपी तपासणी म्हणजे दाब देऊन रंग परतण्याचा वेळ मोजणे. हात हृदयाच्या पातळीवर ठेवून तर्जनीच्या पेराचा मऊ भाग किंवा नख, ते पांढरे पडेपर्यंत दाबावे, तो दाब ५ ते १० सेकंद स्थिर ठेवावा आणि सोडल्यापासून मूळ रंग येईपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजावा. काचेच्या स्वच्छ पट्टीने दाबल्यास त्वचा पांढरी झालेली तिच्यातून स्पष्ट दिसते. तरुण माणसात रंग साधारण २ सेकंदांत परततो आणि ३ सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास दखल घ्यावी. वृद्धांत मात्र हा वेळ काहीसा लांबलेला आढळतो, म्हणून एकट्या आकड्यावरून निदान करू नये. तीनदा मोजून सरासरी घ्यावी आणि दरवेळी तेवढाच दाब, तेवढाच वेळ व तोच उजेड ठेवावा. वर्षानुवर्षे बिड्या वळलेल्या बोटाच्या टोकाला त्वचा घट्ट, पिवळसर तपकिरी झालेली असते आणि दाबले तरी तिचा रंग बदललेला नीट दिसत नाही. तेथे नखाखालचा भाग पाहावा. त्याच नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरे बोट निवडावे. सावळ्या त्वचेवर तळहात आणि तळपाय अधिक भरवशाचे ठरतात.

केशवाहिन्या प्रत्यक्ष पाहायच्या असतील तर नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेच्या दुमडीवर तेलाचा एक थेंब टाकून डर्माटोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारे प्रकाशयुक्त भिंग, टेकवावा. तेलामुळे वरचा थर पारदर्शक होतो आणि केसाच्या पिनेसारखी वळलेली, एका ओळीत उभी असलेली लाल वेटोळी दिसू लागतात. अनामिका आणि करंगळी यांवर ती सर्वांत स्पष्ट दिसतात. एका मिलिमीटरमध्ये सातपेक्षा कमी वेटोळी, मधेच रिकामे पट्टे, फुगलेल्या अवाढव्य वाहिन्या किंवा बारीक रक्तस्रावाचे ठिपके आढळल्यास संधिवात तज्ज्ञाकडे पाठवावे. थंडीत बोटे पांढरी, मग निळी आणि नंतर लाल होत असल्याची तक्रार असेल, तर ही तपासणी टाळूच नये. त्वचा दगडासारखी घट्ट करणारा स्क्लेरोडर्मा हा आजार पुष्कळदा याच खुणांतून लवकर ओळखता येतो.

मधुमेहात एक फसवणूक वारंवार होते, तिच्याविषयी मला कळकळीने सांगावेसे वाटते. नसा बधिर झालेल्या पायात स्वायत्त मज्जातंतूंचे नियंत्रण सुटते, धमनी आणि शीर यांना जोडणारे आडमार्ग उघडे राहतात आणि रक्त केशवाहिन्यांना वळसा घालून निघून जाते. असा पाय गरम लागतो, शिरा टरारलेल्या दिसतात, तरीही त्वचा उपाशी असू शकते. म्हणून हात लावून ‘पाय गरम आहे, काळजी नाही’ असे कोणी म्हणू नये. थर्मल कॅमेराही तापमानच दाखवतो, त्यामुळे येथे त्यालाही हीच मर्यादा लागू पडते.

अशा पायासाठी त्वचेवरून प्राणवायूचा दाब मोजणारे यंत्र उपयोगी पडते. त्याचा संवेदक त्वचेला सुमारे ४४ अंशांपर्यंत तापवतो आणि वाचन पाऱ्याच्या ३० मिलिमीटरपेक्षा कमी आल्यास जखम आपोआप भरून येण्याची शक्यता क्षीण समजली जाते. पाय सुजलेला असेल तर वाचन चुकते, हे ध्यानात ठेवावे. लेसर डॉप्लर हे लेसर किरणांनी त्वचेतील रक्तप्रवाह मोजणारे यंत्र सुमारे एक मिलिमीटर खोलीपर्यंतचा प्रवाह दाखवते, पण त्याची एकके सापेक्ष असल्याने दोन व्यक्तींची थेट तुलना करू नये. दंडाला किंवा पोटरीला पट्टा आवळून रक्तप्रवाह काही मिनिटे थांबवायचा आणि सोडल्यावर तो किती उसळतो ते पाहायचे, अशी चाचणी त्यासोबत केली जाते. ती प्रशिक्षित व्यक्तीनेच करावी आणि डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या, म्हणजे शस्त्रक्रियेने धमनी व शीर जोडलेल्या, हाताला असा पट्टा कधीही लावू नये.

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, खोलीचे तापमान, तपासलेली नेमकी जागा आणि रुग्णाची स्थिती लिहावी. पुढच्या भेटीत त्याच जागेवर, त्याच स्थितीत पुन्हा मोजावे. पाय अचानक थंड, पांढरा किंवा निळा पडून तीव्र वेदना वा बधिरपणा आला, तर मात्र यांपैकी कोणत्याही मोजमापात वेळ न दवडता रुग्णाला ताबडतोब रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे.